वाचकांचे प्रश्न : नाताळची सुट्टी, समुद्रकिनारा आणि उपकारस्तुती

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत मुले आणि आजी-आजोबांसह कोकणात जाणार आहोत. एक दिवस समुद्रावरच कौटुंबिक उपासना घ्यावी असे मनात आहे. दरवेळी मुले कंटाळतात. काय करावे? (पुणे)

मुले कंटाळतात त्याचे एक कारण वेळ. दिवसभर भटकून, जेवून, लॉजवर परतल्यावर रात्री नऊ वाजता प्रार्थनेला बसवले तर मोठ्यांनाही डुलक्या येतात. उपासना जागेवरच, सकाळी घ्या. दुसरे कारण म्हणजे आपली मोघम प्रार्थना. ‘सुंदर निसर्गाबद्दल तुझे आभार’ या वाक्यात मुलाने स्वतः पाहिलेले काहीच नसते. आधी पाहू द्या, मग आभार मानू द्या.

पाहायचे तर ओहोटीला खडकाळ किनारा गाठावा. मालवणचे रॉक गार्डन किंवा गोव्यातले हणजूण यासाठी चांगले. पाणी मागे सरले की खडकांतल्या डबक्यांत केवढे जग उघडे पडते! हात लागताच मिटणारी समुद्रफुले, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, कालवे, नशीब असेल तर तारामासा.

ओहोटीची वेळ काढायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीचा आकडा पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते; पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. तृतीयेला तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास भरती, तिच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, म्हणून आदल्या संध्याकाळी तिथल्या कोळी बांधवांना विचारून पक्के करा. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

द्वितीया ते चतुर्थी हे दिवस आम्हाला सर्वांत सोयीचे वाटतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे उधाण अजून उतरलेले नसते, त्यामुळे पाणी भरपूर मागे जाते, आणि ओहोटी सकाळच्या उजेडात येते. ऐन पौर्णिमेला ती पहाटे पाच-सहाच्या आगेमागे, म्हणजे डिसेंबरात अंधारातच. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते. पाणी फारसे हटतच नाही आणि मुले हिरमुसतात.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळले की निघा. माणसे अडकतात ती परतताना. समोरचा खडक कोरडा दिसत असतो, पण मागच्या सखल भागातून पाणी आधीच भरलेले असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. एका मोठ्या माणसाने पाण्याकडे नजर ठेवायची, त्याने डबक्यांत रमायचे नाही.

पायांत मागे पट्टा असलेले, खरबरीत तळाचे सँडल हवेत. अनवाणी पाय कालवांच्या धारेने कापतो आणि साधी चप्पल हिरव्या शेवाळावर घसरते. आजी-आजोबांना खडकांवर नेऊ नका. पुळणीवर घडीची खुर्ची मांडून द्या, उपासना तिथेच घ्यायची आहे. कपारीत हात घालू नये, जिवंत शंख उचलू नये. शंकूच्या आकाराच्या काही शंखांतल्या गोगलगाई विषारी डंख मारतात. दगड उलटलाच तर तसाच परत ठेवा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हाने मरतात.

आता उपासना, पंधरा मिनिटांची. आजोबांनी बायबलमधले ईयोब 38:8-11 वाचावे. देव समुद्राला दारे आणि अडसर लावतो, येथवरच ये असे सांगतो. पाणी वळताना नुकतेच पाहिलेल्या मुलाला हे वेगळे समजवावे लागत नाही. मग स्तोत्र 104, वचने 24 ते 30. त्यानंतर प्रत्येकाने पाहिलेल्या एका जिवाचे नाव घेऊन एका वाक्यात आभार मानायचे आणि सर्वांनी स्तोत्र 136 मधले ‘कारण त्याची दया सनातन आहे’ म्हणायचे. मुलाने खेकड्यासाठी आभार मानले तर हसू नका. ती खरी प्रार्थना आहे.

प्रश्न : अशी उपासना निसर्गपूजेकडे झुकत नाही का? (संगमनेर)

प्रार्थना कोणाला उद्देशून आहे ते पाहा. स्तोत्र 148 सूर्य, चंद्र, जलचर, डोंगर या सर्वांना हाका मारते, पण त्यांची स्तुती करायला नव्हे, तर आपल्याबरोबर परमेश्वराची स्तुती करायला. रोम 1:20 सृष्टीतून देवाचे सामर्थ्य कळते असे सांगते, आणि 25 वे वचन निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीला भजण्याविरुद्ध बजावते. दोन्ही एकत्र वाचावीत.

प्रश्न : नाताळच्या गोठ्याच्या सजावटीसाठी मुलांना शंखशिंपले आणि वाळू आणू द्यावी का? (वसई)

वाळू नको. मिठामुळे ती ओल धरते आणि गोठ्याचा पुठ्ठा आठवड्यात भिजट होतो. शंखही तिथेच राहू द्यावेत, कारण शंखात राहणारे खेकडे वाढतात तसे मोठे घर शोधतात आणि रिकामा शंख हेच त्यांचे घर. दुभंगलेल्या शिंपल्यांत त्यांना राहता येत नाही. तसे ओंजळभर शिंपले घ्यायला आमची हरकत नाही. रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून, घासून, दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर घरभर वास सुटेल. प्रवाळाचा तुकडा मात्र किनाऱ्यावर पडलेला असला तरी उचलू नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

प्रश्न : सहलीत रविवार आला तर? (नाशिक)

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी तिथल्या चर्चला फोन करा. नाताळच्या आठवड्यात उपासनेच्या वेळा बदलतात. गोव्यात बहुतेक मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) कोकणीत असतात. मराठी किंवा इंग्रजी हवी असेल तर कुठे आणि किती वाजता हे त्याच फोनवर विचारून ठेवा, आणि ओहोटीची सकाळ रविवारी येत असेल तर संध्याकाळची मिस्सा आहे का तेही.