गनमेटलच्या डायसाठी ग्रॅफाइट: घनतेचा आकडा पुरेसा नाही

आपण निपाणीहून लिहिले आहे की, आडव्या सतत कास्टिंगवर (वितळलेला धातू थंड केलेल्या ग्रॅफाइटच्या डायमधून गोठवत बार बाहेर ओढण्याची पद्धत) ८५-५-५-५ गनमेटलचे (८५ टक्के तांबे; कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५) बार ओढताना काही तासांतच बारावर आडव्या भेगा येतात, बार डायला धरून बसतो आणि पुरवठादार "जास्त घनतेचे ग्रॅफाइट घ्या" एवढेच सांगतो. बेळगावात उद्यमबागेत आमचेही हेच दुखणे होते, म्हणून सविस्तर लिहितो. थंड करणारे पाणी, रसाचे (वितळलेल्या धातूचे) तापमान आणि ओढीची वेळ आपण तपासली असेल, असे धरून चालतो.

घनतेवर फार विसंबू नये. एक्स्ट्रूडेड (साच्याच्या तोंडातून एका दिशेने दाबून काढलेले) आणि आयसोस्टॅटिक (सर्व बाजूंनी दाबलेले) अशा दोन्ही ठोकळ्यांच्या कागदावर १.७५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपासचा आकडा दिसू शकतो. पण पहिल्यात दाणा मोठा, कधी अर्ध्या मिलिमीटरहूनही जास्त, आणि दाबाच्या दिशेने झोपलेला असतो, तर दुसऱ्यात भुकटी सर्व बाजूंनी सारखी दाबलेली असल्याने दाणा साधारण २० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक राहतो. मोठ्या छिद्रांत रस शिरून गोठला की बाराची कोवळी साल तिथे अडकते आणि पुढच्या ओढीला फाटते. आपल्या आडव्या भेगांचे मूळ बहुधा इथेच असावे.

आम्हाला सर्वांत महाग पडले ते एका वितरकाचे कार्यालय. पहिला माल उत्तम निघाला; पुढच्या खेपेला ग्रेडचे नाव तेच, माल मात्र एक्स्ट्रूडेड. विचारले तर आधी "कॅटलॉग पाहा", मग "तुमच्या टर्निंगचा दोष". बॅचचे सर्टिफिकेट हाती येईपर्यंत ऑर्डर दुसरीकडे गेली होती, आणि बिलावर नुसते "ग्रॅफाइट ब्लॉक" असल्यामुळे भांडायलाही आधार उरला नाही. म्हणून घडणीची पद्धत, कमाल दाणा आणि बॅच क्रमांक खरेदी आदेशातच लिहून घ्यावेत. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून स्वस्तातही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

माल आल्यावर एक तुकडा मोडून भिंगाखाली पाहावा. चांगल्या आयसोस्टॅटिक ग्रॅफाइटचा भंग सर्वत्र एकसारखा मंद करडा दिसतो. एक्स्ट्रूडेडमध्ये चमकते दाणे आणि खळगे नुसत्या डोळ्यांनाही कळतात. शंका राहिल्यास सारख्या मापाच्या पट्ट्या ठोकळ्याच्या तिन्ही दिशांनी कापून त्यांचा विद्युत रोध मोजावा. आयसोस्टॅटिकमध्ये तो जवळजवळ सारखाच येतो.

आपल्या भागात बिडाच्या फाउंड्र्या जास्त, त्यामुळे "ग्रॅफाइट सगळ्याला चालते" असा सल्ला सर्रास मिळतो. बिडात कार्बन आधीच भरपूर असल्याने ते डायला फारसे खात नाही. तांब्यातही कार्बन जवळजवळ विरघळत नाही, पण निकेल वाढले की चित्र बदलते. कुप्रोनिकेलचे (तांबे-निकेल मिश्रधातूचे) काम आल्यास गनमेटलच्या अनुभवावर जाऊ नये.

डायभोवतीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या तांब्याच्या जाकिटातली बैठकही पाहावी. ग्रॅफाइट तांब्यापेक्षा बरेच कमी फुगते. मध्ये हवेची फट राहिली तर कितीही महाग ग्रेड थंड होत नाही. साधारण ४५० अंश सेल्सिअसपुढे ग्रॅफाइट हवेत जळू लागते, तेव्हा भट्टीकडचे तोंड उघडे ठेवू नये. जाता जाता, डाय टर्न करताना धूळ ओढून घ्यावी आणि ते लेथ कंट्रोल पॅनेलपासून दूर असावे, कारण ती भुकटी वीजवाहक असते.

हे सारे भरीव बारांपुरते आहे. मँड्रेलवर (पोकळी राखणाऱ्या मधल्या दांड्यावर) बुशसाठी पोकळ बार ओढताना धातू मँड्रेलवर आवळतो, तिथे उताराचे (निमुळतेपणाचे) गणित वेगळे, आणि त्यात मी अधिकाराने बोलू शकत नाही. मोडलेल्या तुकड्याचा व बाराच्या सालीचा जवळून घेतलेला फोटो टाकल्यास अधिक सांगता येईल.