छायाप्रश्न : पांढरा पडलेला धबधबा, काळी पडलेली माती

प्रश्न : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या हिवरे धबधब्याच्या फोटोला ऑर्टन इफेक्ट दिला, म्हणजे स्पष्ट फोटोवर त्याचीच धूसर (ब्लर) प्रत चढवली. रान छान धुकट झालं, पण पाण्याचा नुसता पांढरा फडका झाला. ब्लर कमी करूनही फरक नाही. (वाळपई)

उत्तर : दोष ब्लरचा नाही, वरचा थर खालच्यात मिसळण्याच्या ‘स्क्रीन’ मोडचा आहे. त्याला फक्त उजळवता येतं. ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मोजपट्टीवर १०० ची पानं १६१ वर जातात, ते शोभतं. पण पाण्याच्या शेजारच्या दोन धारा २१० आणि २३० असतील तर त्या २४७ आणि २५३ होतात. वीसचा फरक सहावर आला की धार धारेपासून वेगळी कशी दिसणार?

कॅनडाचे छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांची मूळ रीत फिल्मवरची. एक स्पष्ट आणि एक फोकसबाहेरची, अशा दोन स्लाइड एकमेकींवर ठेवायच्या. तशा ठेवल्या की चित्र काळवंडतं, म्हणून दोन्ही मुद्दाम जास्त उजळ घ्यायच्या. आपल्याकडे बरेच जण उजळवून तिथंच थांबतात, काळवंडण्याचा भाग राहूनच जातो.

फोटोशॉपमध्ये पुरी रीत अशी : मूळ थर तळाशी तसाच ठेवा. त्याच्या दोन प्रती काढा, वरची ‘स्क्रीन’वर टाकून दोन्ही एकजीव करा. या उजळ थराची आणखी एक प्रत काढून तिला गॉशियन ब्लर द्या आणि मोड ‘मल्टिप्लाय’ करा, तो काळवंडवतो. आता १०० ची पानं पुन्हा १०१ च्या आसपास येतात, धारा २३९ आणि २५० वर थांबतात. सावल्या मात्र खाली जातात, ४० चा ओला कातळ २१ वर. म्हणून हे दोन्ही थर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपची अपॅसिटी (अपारदर्शकता) ३० टक्क्यांच्या आत ठेवा. पावसाळ्यातलं रान आधीच काळोखी असतं.

ब्लरची त्रिज्या फोटोच्या मापावर ठरते. ६००० पिक्सेल रुंद फोटोला ३० ते ४०, २००० रुंदीला १० ते १२. मोठ्या फोटोचा आकडा लहानाला लावला तर कातळाच्या कडेनं दुधाळ पट्टा उमटतो. तरीही पाणी फटफटीत वाटलं तर ग्रुपला मास्क (थराचा हवा तो भाग लपवणारा पडदा) लावून पाण्यावर मऊ काळा ब्रश फिरवा. ब्रशची कड ब्लरच्या त्रिज्येइतकी तरी मऊ हवी, नाहीतर जोड लगेच कळतो.

प्रश्न : झाडं पांढरी दाखवणारा ‘इन्फ्रारेड’ फिल्टर सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) फोटोला लावला. माड पांढरे झाले, पण तांबडी माती काळी ठिक्कर पडली. (पेडणे)

उत्तर : पडणारच. हा फिल्टर इन्फ्रारेड मुळीच पाहत नाही, फोटोतला हिरवा आकडा तेवढा फुगवतो. लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण बदलणाऱ्या चॅनेल मिक्सरमध्ये ‘मोनोक्रोम’ (कृष्णधवल) निवडून लाल −५०, हिरवा २००, निळा −५० ठेवा, जवळपास तोच परिणाम मिळेल. बेरीज १०० ठेवली की पांढरे ढग पांढरेच राहतात. लाल, हिरवा, निळा या क्रमानं पान (८०, १३०, ५०) असेल तर १९५ होतं, जांभ्याची माती (१६०, ८०, ५०) असेल तर ५५. खऱ्या इन्फ्रारेडमध्ये पान उजळतं ते त्याच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे, हिरव्या रंगामुळे नव्हे. म्हणूनच इथं आंब्याची तांबूस पालवी काळी पडते आणि हिरवा रंगवलेला दरवाजा मात्र पानासारखा चमकतो.

मातीसाठी त्याच फोटोची दुसरी कृष्णधवल प्रत काढा : लाल १००, बाकी शून्य. तिच्यात माती १६० वर राहते. ही प्रत वर ठेवून मास्कनं फक्त जमिनीपुरती दाखवा. हिरवा दुप्पट केल्यानं फोटोतले दाणेही दुप्पट होतात, तेव्हा फोटो कमी आयएसओवर (कॅमेऱ्याच्या कमी संवेदनशीलतेवर) आणि जमल्यास रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये घ्या. मळभाच्या दिवशी या खटपटीत पडू नका. करड्या आभाळाचे तिन्ही आकडे सारखे असतात, त्यामुळे ते होतं तसंच राहतं. निळं आभाळ हवं, म्हणजे पाऊस सरल्यावर.

प्रश्न : खंड्या पक्ष्याची निळी पाठ सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवल्यावर सपाट का होते? (करमळी)

उत्तर : निळा चॅनेल, म्हणजे निळ्याचा आकडा, २५५ ला टेकतो, पिसांच्या रेघा तिथंच जातात. वाढवलेलं सॅच्युरेशन परत शून्यावर आणा, व्हायब्रन्स १० ते १५ द्या. आधीच गडद असलेल्या रंगांना ते कमी ढकलतं. तरीही हिस्टोग्राममध्ये (उजळपणाच्या आलेखात) निळा उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला तर निळ्याचं ल्युमिनन्स (उजळपणा) थोडं उतरवा.