म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप द्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं? आणि घरात लहान मूल असताना तो कसा द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की कुत्रा 14 वर्षांचा आहे, मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत आणि डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सोडवायचं सुचवलंय. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे आणि तुम्ही दोघंही नोकरी करता. वेळ आली हे कसं ओळखायचं आणि या धबडग्यात त्याला निरोप कसा द्यायचा, असं तुम्ही विचारलंय. दीड वर्षापूर्वी आम्ही याच जागी होतो. आमचा भुऱ्या तेरा वर्षांचा होता, आजारही हाच. म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात आधी हे सांगते: तो एखाद्या रात्री झोपेतच शांतपणे जाईल या आशेवर थांबू नका. आम्ही थांबलो. प्रत्येकाच्या मनात तेच होतं, बोलत कुणीच नव्हतं. या आजारात शरीरातली घाण रक्तात साठत जाते आणि जनावराला आतून छळते. मळमळ थांबत नाही, उलट्या होतात, तोंडात फोड येतात, श्वासाला अमोनियासारखा वास येतो, फारच लांबलं तर झटकेही येतात. डॉक्टरांनी पहिल्यांदा विषय काढला त्यानंतर आम्ही नऊ दिवस काढले. त्यातले शेवटचे पाच भुऱ्यासाठी नुसते सोसण्याचे होते. ते त्याला आमच्यासाठी सोसावे लागले, हे मला अजून सलतं.

‘आधी का नाही कळलं’ यावरून मात्र स्वतःला खात बसू नका. मूत्रपिंडांचं जवळजवळ तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात ती घाण, तपासणीत हीच मोजतात) सहसा वाढलेलं दिसत नाही. उरलेला भाग सगळा भार ओढत असतो, आणि कुत्रा तर दुखणं लपवतोच. भुऱ्या पाणी जास्त पीत होता, रात्री दोन-दोनदा बाहेर न्यावं लागत होतं. आम्हाला वाटलं उकाडा आहे, वय झालंय. तुम्हालाही असंच काहीसं वाटलं असणार.

आणि एक कळकळीची विनंती. त्याचं कण्हणं ऐकवत नाही म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटावर आणि थेट मूत्रपिंडांवर घाव घालतं, पॅरासिटामॉलही विषारी ठरू शकतं. रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन करा, पण हे नको.

आता वेळ ओळखण्याबद्दल. ॲलिस व्हिलालोबोस या कुत्र्या-मांजरांच्या कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांनी 2004 मध्ये एक मोजपट्टी मांडली, आमच्या डॉक्टरांनी तीच आम्हाला लिहून दिली. सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. वेदना (यात श्वास घ्यायला होणारा त्रासही आला), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. बेरीज 35 च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जायला हरकत नाही. लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही रकाने आखले आणि रोज रात्री प्रत्येकानं आपापले गुण वेगळे लिहायचे असं ठरवलं. सासरे भरभरून गुण द्यायचे, नवरा हात आखडता घ्यायचा, मी दोघांच्या मधे. चौथ्या दिवशी तिघांचेही आकडे 35 च्या खाली गेले आणि घरातली धुसफूस थांबली. मला विचाराल तर त्या वहीचा खरा उपयोग हाच झाला. ‘तुला तो नकोसा झालाय’ आणि ‘तुम्हाला त्याचे हाल दिसत नाहीत’ हे आम्ही एकमेकांना बोलून चुकलो होतो. वहीनं आम्हाला पुन्हा एका बाजूला आणलं.

पण बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कळलं ते वहीवरून नाही. आमच्याकडे रात्री दाराला कुलूप लावायचं काम बाबांचं. गेली तेरा वर्षं ते उठले की भुऱ्याही उठायचा, त्यांच्या मागोमाग दारापर्यंत जायचा, खालच्या फटीला नाक लावून दोनदा हुंगायचा. बाबा म्हणायचे, “लावलं रे, झोप आता.” मगच तो वळून आपल्या जागी यायचा. यात खंड नाही. पाय दुखायला लागल्यावरही तो यायचा, भिंतीला टेकत टेकत. एका रात्री बाबा उठले, दारापाशी जाऊन थांबले, वळून पाहिलं. भुऱ्यानं मान उचलली, त्यांच्याकडे बघितलं आणि मान परत खाली ठेवली. बाबा कुलूप लावून आले आणि मला म्हणाले, “डॉक्टरांना विचार, शनिवारी जमेल का.”

तुमच्या कुत्र्याचंही असं एखादं काम असेल जे त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्याच्याकडे लक्ष ठेवा. खाणं एखाद्या दिवशी औषधानं परत सुरू होतं आणि आपण हुरळतो. हे काम सुटलं की सहसा परत येत नाही.

दिवस ठरवताना वाटतं की आपण त्याचा जीव घ्यायची तारीख काढतोय. मला हातात फोन धरून ओकारी आली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, “एक आठवडा लवकर चालेल, एक दिवस उशीर नको.” उशीर झाला की रात्री दोन वाजता धावपळ, अनोळखी दवाखाना, टेबलावरचा झगझगीत दिवा, आणि त्या घाबरलेल्या जिवाचे शेवटचे क्षण. घरी येणारे डॉक्टर मिळत असतील तर घरीच करा. नसतील तर दवाखान्यातली शेवटची वेळ मागा, म्हणजे बाहेर इतर जनावरांचा गोंगाट नसतो, आणि त्याची रोजची चादर सोबत न्या.

त्या शनिवारी सकाळी आमचं चुकलं ते सांगते. डॉक्टर दुपारी चारला येणार होते. आम्ही सकाळपासून त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलो. कुणी रडतंय, कुणी फोटो काढतंय, कुणी अंगावरून हात फिरवतंय. तो अस्वस्थ झाला. एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला, मग लटपटत उठला आणि सोफ्यामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बाबांनी आम्हाला उठवलं. म्हणाले, “आपापल्या कामाला लागा. त्याला घर चालू लागतं.”

मग मी वॉशिंग मशीन लावलं. नवऱ्यानं बिघडलेला पंखा खाली काढला आणि जमिनीवर पसारा मांडून बसला. लेक सातचा पाढा घोकायला लागली, साती साती एकोणपन्नास, आणि दर वेळी छप्पन्नला अडखळत होती. दहा मिनिटांत भुऱ्या बाहेर आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवा पडला. ती त्याची कायमची जागा. जाता-येता प्रत्येकानं त्याला ओलांडायचं, त्यानं तसूभर हलायचं नाही. मी ओले कपडे घेऊन त्याला ओलांडलं तेव्हा त्यानं शेपटी एकदाच जमिनीवर आपटली. थप्. कित्येक दिवसांनी तो आवाज ऐकला.

म्हणून तुम्हाला सांगते, त्या दिवशी रजा जरूर काढा, पण घराचा सण करू नका आणि सुतकही करू नका. पाहुणे बोलावू नका, लांब फिरायला नेऊ नका. रोजचे आवाज चालू द्या. त्याच्यापाशी बसायचं तर एकेकानं, हातात काहीतरी काम घेऊन बसा. रडू आलं तर येऊ द्या, फक्त त्याच्या गळ्यात पडून नको. आपला बदललेला आवाज त्याला लगेच कळतो.

इंजेक्शन कसं असतं हे माहीत असलं की भीती निम्मी होते, म्हणून नीट सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यानं पाच ते पंधरा मिनिटांत तो गाढ झोपतो. बोलायचं ते त्याआधी बोलून घ्या. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवतात. शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे शीर पटकन सापडत नाही. आमच्याकडे तीनदा टोचावं लागलं, मी हादरले, पण तो तेव्हा झोपेत होता. शिरेतून जातं ते पेंटोबार्बिटल. हे मुळात भूल देण्याचं औषध, इथे त्याची मात्रा खूप मोठी असते. आधी मेंदू झोपतो, मग श्वास थांबतो, मग हृदय. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकतात आणि मगच सांगतात.

यानंतरचं आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. एक-दोन मिनिटांनी मोठा उसासा आल्यासारखं होऊ शकतं, पाय किंवा कातडी थरथरू शकते. तो परत आला असं वाटून काळजाचं पाणी होतं. तसं नसतं, ते स्नायूंचं शेवटचं आकसणं असतं, त्याला काही जाणवत नसतं. लघवी-शी होऊ शकते, म्हणून खाली आधीच जुना टॉवेल घाला.

गुंगी चढायला लागली तेव्हा बाबा त्याच्या डोक्याशी बसले होते. दुपारचे चार वाजले होते, दार सताड उघडं होतं. बाबा त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “लावलं रे, झोप आता.”

मुलाचं. त्याला खरं सांगा आणि ‘मेला’ हाच शब्द वापरा. ‘झोपवलं’ म्हणालात तर पाच वर्षांचं मूल रात्री झोपायला घाबरू शकतं, ‘लांब गेला’ म्हणालात तर ते वाट बघत बसतं. या वयात मरण कायमचं असतं हे नीट उमगलेलं नसतं, त्यामुळे तोच प्रश्न दहा वेळा येईल. दहाही वेळा तेच उत्तर द्या. आमची लेक तेव्हा सात वर्षांची होती. आम्ही तिला आदल्या दिवशी सांगितलं की भुऱ्याचं शरीर आता बरं होणार नाही, डॉक्टर त्याला मरायला मदत करणार आहेत, त्याला दुखणार नाही. इथेही एक जपा: ‘आजारी पडला म्हणून’ एवढंच म्हणू नका, नाहीतर घरात कुणाला सर्दी झाली तरी मूल धसकतं. थांबायचं की नाही हे आम्ही तिच्यावर सोडलं. ती गुंगीच्या इंजेक्शनपर्यंत थांबली, मग आत गेली आणि सगळं झाल्यावर बाहेर आली. त्याच्या नाकाला बोट लावून तिनं विचारलं, “ओलं आहे की अजून?” मी म्हटलं, हो, थोड्या वेळानं सुकेल. ती तिथेच बसून राहिली, मधून मधून बोट लावून बघत. रात्री तिनं विचारलं, “उद्या पण तो मेलेलाच असेल?” मी हो म्हटलं. मग ती रडली.

शरीराचं पुढे काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी डोकं चालत नाही. काही तासांत अंग ताठतं, तेव्हा तो झोपायचा तसे पाय अलगद दुमडून ठेवा. दहन करता येत असेल तर उत्तम. पुरणार असाल तर तुमच्या भागात परवानगी आहे का बघा आणि खड्डा भरपूर खोल घ्या, निदान तीन-चार फूट. पेंटोबार्बिटल मृत शरीरात दीर्घकाळ टिकतं, दुसऱ्या एखाद्या जनावरानं किंवा पक्ष्यानं उकरून खाल्लं तर त्याचाही जीव जाऊ शकतो. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्या.

नंतर कुणीतरी म्हणेलच, “कुत्रंच होतं ना.” मला सोमवारी ऑफिसात ऐकावं लागलं. अशा दुःखाचा अभ्यास झालेला आहे. शोकाचा अभ्यास करणाऱ्या केनेथ डोका यांनी 1989 मध्ये त्याला वेगळं नाव दिलं: दुःख खरं असतं, पण भोवतीचे लोक ते मोजायला तयार नसतात. मला मात्र आधार वाटला तो एका जुन्या थडग्याचा. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 मध्ये एका खाणीत सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं दफन सापडलं, एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याजवळ कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू सातेक महिन्यांचं. त्याच्या दातांवरून संशोधकांनी काढलं की त्याला बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार, झाला होता, आणि कुणी ऊब देऊन, पाणी पाजून, स्वच्छ ठेवून सांभाळल्याशिवाय ते त्यात इतके आठवडे जगलंच नसतं. त्या आजारी पिल्लाचा त्या माणसांना काही उपयोग नव्हता. तरी कुणीतरी रात्री उठून त्याला पाणी पाजलं होतं.

घर रिकामं वाटतं ते भलत्या वेळी. फरशीवर नखांची टकटक नसते, बेल वाजली तरी कुणी भुंकत नाही. आम्ही सगळे कित्येक महिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय उंच उचलून आत जात होतो, हातात ताट असलं तरी. वाडगा, चादर, पट्टा लगेच हलवायची घाई करू नका, आणि घरातल्या कुणी हलवलं तर त्यांच्यावर रागावूही नका. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी औषधांच्या बाटल्या फेकून दिल्या, मी चिडले. त्या त्याला बघवत नव्हत्या, हे मला आठवड्यानं कळलं.

तुम्ही अजून दिवस ठरवलेला नाही असं दिसतंय. आज रात्री वहीत रकाने आखा आणि दोघांनी वेगवेगळे गुण लिहा. इंजेक्शनबद्दल काहीही विचारायचं असेल, अगदी क्षुल्लक वाटलं तरी, इथे खाली लिहा. त्या दिवशी रात्री झोप आली नाही तरी लिहा, मी उशिरापर्यंत जागी असते.