पुस्तकविचार : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या पत्रांत गाजलेल्या कादंबऱ्यांचाच भरणा जास्त. पुस्तकांची नावे प्रत्येकाची वेगळी, अडचणी मात्र एकमेकींच्या शेजारणी. म्हणून या खेपेला तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

सगळे जग ज्या पुस्तकाबद्दल बोलते त्यापासून मी चार हात लांब राहतो. भाचीने हट्टाने एक ५६० पानांची कादंबरी गळ्यात मारली आणि चार रात्रींत संपली. आता दुसरे काही हातात धरवत नाही. ही खरी आवड, की आजूबाजूच्या गाजावाजाचा परिणाम? ओळखायचे कसे?
*– एक वाचक, दांडिया बाजार*

गाजावाजा पुस्तक विकत घ्यायला लावतो, फार तर पहिली पन्नास पाने उलटायला लावतो. पुढची पाचशे पुस्तकानेच वाचून घेतली, तेव्हा संकोच सोडा. पाहायचे ते इतकेच, की त्याने तुम्हाला कशाच्या जोरावर ओढले.

ओढून नेण्याचे तंत्र जुनेच आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती, आणि हप्ता संपताना वाचक अडकून राहावा ही गरज तेव्हाही होतीच. आजच्या वेगवान कादंबरीत प्रकरण चार-सहा पानांचे असते. शेवटच्या ओळीत काहीतरी अर्धवट सोडलेले असते आणि पुढचे प्रकरण मुद्दाम भलत्याच पात्राचे. मग ‘एवढे एक संपवू’ म्हणता म्हणता दीड वाजतो. यात फसवणूक काही नाही. पण पुढे काय होणार या घाईत आपण वर्णने आणि लांब वाक्ये सर्रास गाळतो, त्यामुळे पहिल्या वाचनात तंत्राची ओढ कोणती आणि लेखनाची कोणती हे वेगळे काढता येत नाही.

महिना-दीड महिना जाऊ द्या आणि पुस्तक बरोबर मध्यावर उघडा. तुमच्या प्रतीत २८०व्या पानाच्या आसपास. सुरुवातीकडे जाऊ नका. लेखक आणि संपादक सगळ्यात जास्त हात फिरवतात तो पहिल्या तीस पानांवर, ती बहुतेक पुस्तकांत चांगलीच असतात. पेन्सिल घेऊन दहा पाने वाचा, त्यातले एक मोठ्याने. कोण बोलतेय हे सांगणारे शब्द बोटाने झाकून संवाद वाचा. सगळी पात्रे एकाच आवाजात बोलत असतील तर तो आवाज लेखकाचा. मग योगायोग मोजा. योगायोगाने संकट आले तर वाचक चालवून घेतो. संकट सुटतेही योगायोगानेच, असे दोन-तीनदा झाले की समजावे, कथानक ओढूनताणून बसवले आहे.

रहस्य असेल तर आणखी एक कसोटी, आणि आमच्या मते तीच सर्वांत कडक. रहस्य ठाऊक असलेल्या पात्राचे आधीचे प्रसंग पुन्हा वाचा. ते पात्र मनात जे बोलते ते आता, सगळे कळल्यावरही, पटते का? चांगल्या लेखकाने खुणा तिथेच उघड्या ठेवलेल्या असतात आणि दुसऱ्या वाचनाची गंमत दुप्पट होते. कच्च्या लेखकाने त्या पात्राला स्वतःशीच खोटे बोलायला लावलेले असते.

दहा पानांची वीस झाली, तर प्रेम खरे. पाने उलटत पुढे पळालात, तर ती उत्सुकता होती. पण चार रात्री मजेत गेल्या हेही काही कमी नव्हे.

दुसरे काही वाचवत नाही, यावर उपाय : लगेच दुसरी जाडजूड कादंबरी घेऊ नका, दहा-पंधरा पानांच्या कथा किंवा ललित लेख घ्या. त्याच लेखकाची इतर पुस्तकेही थोडी थांबवा. एक पुस्तक गाजले की जुनी, फिकी पुस्तके तशाच मुखपृष्ठासह दुकानात येतात. आतल्या पानावर पहिल्या प्रकाशनाचे वर्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नये.

मुखपृष्ठावर ‘तिसावी आवृत्ती’ म्हणजे नेमक्या किती प्रती?
*– एक वाचक, रावपुरा*

नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. एका आवृत्तीच्या पाचशे प्रतीही असतात, पाच हजारही. शिवाय मजकुरात बदल नसताना पुन्हा छापले तर ते खरे म्हणजे पुनर्मुद्रण, पण मुखपृष्ठावर आवृत्ती शब्द जास्त भारदस्त दिसतो. श्रेयनामावलीच्या पानावरच्या तारखा पाहा. पाच वर्षांत तीस आणि तीस वर्षांत तीस यांत बराच फरक आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याच पानावर एक ते दहा आकड्यांची ओळ असते. तिच्यात शिल्लक राहिलेला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमच्या हातातले कितवे मुद्रण.

रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळालेल्या प्रतीची पाने पहिल्याच वाचनात सुटली. शिवाय १७६ नंतर एकदम १९३ पान आहे. प्रत बनावट आहे का?
*– एक वाचक, मांडवी*

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक बहुधा सोळा पानी फॉर्मांत, म्हणजे घडी घातलेल्या मोठ्या कागदांच्या गठ्ठ्यांत छापतात. अकरा फॉर्म म्हणजे १७६ पाने; तुमच्या प्रतीत बारावा फॉर्म, म्हणजे १७७ ते १९२, बांधताना उचलायचाच राहिला. हे अस्सल प्रतीतही होते. कधी तोच फॉर्म दोनदा लागतो, कधी उलटा. पावती असेल तर दुकानदार प्रत बदलून देतो, पण त्याआधी पुस्तकावर नाव घालून ठेवू नका. घेतानाच खालचे पृष्ठांक भराभर चाळले की दोन मिनिटांत कळते.

बनावट प्रत ओळखायची ती छपाईवरून. मूळ पुस्तकाचे स्कॅन करून छापलेले असल्याने अक्षरांच्या कडा फुटलेल्या, काही पाने फिकी, काही गडद, ओळी किंचित तिरक्या आणि समास कमी-जास्त असतात. मुखपृष्ठावरची बारीक अक्षरे धूसर दिसतात, आणि मूळ प्रतीवर उठावाची किंवा चमकत्या वर्खाची अक्षरे असली तर इथे ती सपाट असतात. कागद इतका पातळ, की मागची अक्षरे दिसतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, पाहून मात्र काही कळत नाही. तेरा आकडी क्रमांक जसाच्या तसा उतरवलेला असतो. पाने सुटतात ती डिंकामुळे : पाठीचा कागद नीट खरवडलेला नसला की डिंक आत जात नाही, नुसता वर बसतो.

सुटे पान लावायचे तर आतल्या कडेला दोन मिलिमीटर रुंद पांढऱ्या फेव्हिकॉलची पातळ रेघ द्या. पान बसवून दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. सेलोटेप लावू नका, तिचा चिकट थर कागदात मुरून पिवळा डाग पडतो.

बनावट प्रतीतून लेखकाला एक पैसाही मिळत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून अशा प्रती काढणाऱ्याला एरवी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफलाही हाच कायदा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतो.

घरात मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही वाचली जातात. परदेशी कादंबरी कोणत्या भाषेत घ्यावी?
*– एक वाचक, वडोदरा*

मूळ इंग्रजीत असेल आणि इंग्रजी सहज वाचत असाल, तर मूळच घ्या. मूळ स्पॅनिश किंवा जपानी असेल तर भारतीय भाषेतला अनुवाद थेट केला आहे की इंग्रजीवरून, हे आतल्या पानावर पाहा. ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’ किंवा ‘स्वैर’ लिहिले असेल तर काटछाट धरूनच चाला. शंका असल्यास प्रकरणे मोजा आणि मूळ आणि अनुवाद, दोन्हींतले शेवटचे पान ताडून पाहा. नुसत्या पृष्ठसंख्येवर जाऊ नका, ती टाइपाच्या आकाराने बदलते.

आमच्या भिशीतल्या आठ जणींना एकच कादंबरी वाचून चर्चा करायची आहे. प्रती दोनच आहेत.
*– एक वाचक, वाडी*

चार-चार जणींच्या दोन साखळ्या करा. ४८० पानांचे पुस्तक असेल तर प्रत्येकीला बारा दिवस, रोजची चाळीस पाने. म्हणजे सात आठवड्यांत सगळ्यांचे वाचून होईल. (बडोद्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालये उभारली, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या गावोगाव अशाच फिरत.) अडचण पहिल्या दोघींची, चर्चेपर्यंत त्या निम्मे विसरतात. प्रत पुढे देण्याआधी प्रत्येकीने एका चिठ्ठीवर तीन पृष्ठांक आणि एक शंका लिहून स्वतःजवळ ठेवावी. पुस्तकात ठेवली तर पुढची आधी तीच वाचेल आणि शेवट फुटेल.

चर्चेला ‘आवडली का?’ असे विचारू नका, तीन मिनिटांत विषय संपतो. पुस्तक खाली ठेवावेसे कोणत्या पानावर वाटले, इथून सुरुवात करा. आणि जिला आवडली नाही तिला आधी बोलू द्या. सहा जणींनी कौतुक केल्यावर सातवी तोंड उघडत नाही. चहा-फराळ शेवटी.