नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाचा टॅली डेटा आणि घरचे फोटो: एक हार्डडिस्क घेऊ की गुगल ड्राइव्हवर भागेल?

तुम्ही लिहिलंय की दुकानात एकच पीसी, त्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. घर धरमपेठेत, तळमजल्यावर, आणि तिथल्या लॅपटॉपमध्ये फोटो व घराची कागदपत्रं. दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळणं हाच माझा धंदा, म्हणून सरळ सांगतो: ड्राइव्हही वापरा आणि हार्डडिस्क एक नाही, दोन घ्या.

नुसत्या ड्राइव्हवर का भागत नाही? कारण तो सिंक करतो. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग गेली. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइल लॉक केली तर लॉक झालेलीच फाइल वर चढते. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने पीसीला लावून ठेवलेल्या डिस्कही सोडल्या नव्हत्या. म्हणून बॅकअप झाला की डिस्क काढायची. यूएसबीला बारा महिने लटकलेली डिस्क मी बॅकअपमध्ये धरतच नाही.

टॅलीत बहुतेकांचं चुकतं ते इथे. ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घेतात, पण तो कुठे जातोय ते बघत नाहीत. जागा बदलली नसेल तर तो त्याच पीसीच्या सी ड्राइव्हमध्ये पडतो. हार्डडिस्क बसली की मूळ डेटाही गेला आणि बॅकअपही. बॅकअपच्या स्क्रीनवर डेस्टिनेशन बदलून बाहेरची डिस्क द्या. तारखेचं नवीन फोल्डर करा, कालच्यावर आजचं लिहू नका. ड्राइव्हवर चढवायची ती ही बॅकअपची फाइल. टॅलीचं चालू डेटा फोल्डर सिंकमध्ये टाकू नका, डेटा करप्ट व्हायला वेळ लागत नाही.

रोज दुकान बंद करताना हे करायचं. मुनीमजी करतील म्हणून सोडून देऊ नका, आठवड्यातून एकदा फोल्डरच्या तारखा स्वतः बघा. जुनी वर्षंही उडवू नका. जीएसटीत त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात.

दोन डिस्क कशाला? एक दुकानात, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा नाग नदीच्या काठचं काय झालं ते धरमपेठेत राहणाऱ्याला मी काय सांगू! टेबलाखालचा सीपीयू आणि खालच्या ड्रॉवरमधली डिस्क एकाच पाण्यात जातात. घरी डिस्क कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. टिनाखालच्या माळ्यावर नको, आपल्या मे महिन्यात तिथे पापड भाजतील.

फोटोंचं सोपं आहे. गुगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, लवकर भरतात. जागा विकत घ्या, किंवा महिन्यातून एकदा त्याच दोन डिस्कांवर कॉपी करा. रजिस्ट्री आणि मार्कशीटचे स्कॅन मात्र ड्राइव्हवर असूच द्या.

आता जे कुणीच करत नाही ते. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप रिस्टोअर करून बघा, आणि तो दुकानाच्या पीसीवर नाही, घरच्या लॅपटॉपवर. तिथे टॅली एज्युकेशनल मोडमध्ये टाका, लायसन्स लागत नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि कालची शेवटची एंट्री व एखाद्या मोठ्या पार्टीचं लेजर दुकानातल्याशी जुळवा. जुळलं तर ठीक, नाही तर त्याच दिवशी शोध घ्या.

लॅपटॉप नवीन असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का तेही तपासा. असेल तर ते कुलूप उघडणाऱ्या आकड्याची, म्हणजे रिकव्हरी कीची, प्रिंट काढून दुकानाच्या तिजोरीत ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.