नायजेरियाच्या नौदलाचे पहिले नायजेरियन प्रमुख कोण होते?

जोसेफ एडेट अकिनवाले वे. १९६४ मध्ये त्यांनी ब्रिटिश कमोडोर केनेडींकडून सूत्रं घेतली आणि १९७३ पर्यंत सांभाळली. १९१८ साली कलाबारला जन्मलेले वे मुळात इंजिनरूमचे माणूस. वसाहतकाळातल्या मरीन खात्यात त्यांनी अभियांत्रिकीचं काम केलं आणि १९५६ मध्ये नौदल उभं राहिलं तेव्हा त्यात आले. माझ्या मते त्यांची खरी कसोटी यादवी युद्धात लागली. तेव्हा ते प्रमुख होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. हाताशी जहाजं थोडी, तरी नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा या पूर्वेकडच्या प्रदेशाच्या किनाऱ्याची नाकेबंदी झाली आणि जुलै १९६७ मध्ये बॉनी बेटावर सैन्य उतरवलं गेलं. तेलाची वाट तिथूनच जात असल्यामुळे ते बेट फार मोलाचं होतं. (या नाकेबंदीने बियाफ्रात भयंकर उपासमार झाली, हेही विसरता येत नाही.)

एक दुरुस्ती: त्यांना ‘उपराष्ट्रपती’ म्हटलेलं दिसतं, पण ते अधिकृत पद नव्हतं. तेव्हाचे राष्ट्रप्रमुख याकुबू गोवन यांच्या लष्करी राजवटीत ते सर्वोच्च मुख्यालयाचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे प्रत्यक्षात क्रमांक दोनचे होते. १९७५ च्या सत्तांतरानंतर ते निवृत्त झाले.