पेट्रोलमधलं इथेनॉल खरंच हिरवं आहे का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे लातूरला आता सगळ्या पंपांवर ई२० पेट्रोलच, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतंय. स्कूटीचं अ‍ॅव्हरेज कमी झालंय. मुलगा म्हणतो, उसापासून बनतं म्हणजे हिरवं इंधन, पर्यावरणाला चांगलं. आमचे हे म्हणतात, ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं ऊस लावून गाडीत जाळायचा, हे कसलं पर्यावरण? कोणाचं बरोबर?

उत्तर : माझं मत तुमच्या ह्यांच्याकडे झुकतंय, पण मुलगा अगदीच चूक नाही. इथेनॉल कशापासून काढलंय त्यावर सगळं आहे. साखर काढून झाल्यावर जी शेवटची मळी उरते तिचं केलं तर माझी काही तक्रार नाही, ती मळी तशीही निघणारच होती. पण थेट रसापासून काढायचं म्हटलं की पाण्याचा हिशोब लागतो, आणि तो नीती आयोगाच्याच २०२१ च्या रिपोर्टमध्ये आहे : उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे साधारण २,८६० लिटर पाणी. म्हणजे स्कूटीत पाच लिटर ई२० टाकलं, त्यातलं एक लिटर इथेनॉल रसाचं असेल, तर पाच हजार लिटरचा अर्ध्याहून जास्त टँकर तिथेच रिकामा झाला! त्यात युरिया, पंपाची वीज, वाहतूक मी धरलीच नाहीये. २०२३ ला पाऊस कमी पडला तर डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाच ब्रेक लावला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठवला. पावसावर चालणारं इंधन आहे हे.

आता धान्यापासून, मुख्यतः मक्यापासूनच जास्त इथेनॉल येतं. मका उसापेक्षा खूप कमी पाणी पितो हे खरं, पण मग कोंबड्यांचं खाद्य महागतं आणि पोल्ट्रीवाले ओरडतात.

तेलाची आयात घटते, कारखान्याकडे पैसा येतो, शेतकऱ्याची बिलं निघतात, हे फायदे खरे आहेत, नाकारत नाही. पण ते पैशाचे फायदे झाले, त्याला पर्यावरणाचं लेबल कशाला लावायचं?

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडं पडणारच. स्कूटी जुनी असेल तर मेकॅनिककडून इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट तेवढे बघून घ्या.